खंडेनवमीचं पाणी

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या गावात सगळ्यावर भुसा बसतो. दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, दुधाच्या सायीवर, माणसांच्या भुवयांवर. गावाच्या खालच्या अंगाला मळणीयंत्र सकाळपासून धडधडत असतं. दुपारी ऊन पाठ भाजून काढतं आणि चार वाजता आभाळ भरून आलं की सगळं गाव ताडपत्र्या घेऊन राशीकडं पळतं. चाकूरपासून आठ किलोमीटरवरच्या या गावात मी वाढले. नऊ वर्षं पुण्यात काढून परत इथंच आले. तरी दर वर्षी हा भुसा पहिल्यांदा डोळ्यांत गेला की मला नव्यानं चीड येते.

आज खंडेनवमी. सकाळी माय ओट्यावर हत्यारं मांडून बसली होती. दोन विळे, तीन खुरपी, कुऱ्हाड, पहार, वडलांची कुदळ. शेत आता दत्ताकडं बटईनं आहे आणि यातलं एकही हत्यार वर्षभर कुणी हातात धरलेलं नाही. तरी माय प्रत्येकाला तेलाचं फडकं फिरवत होती. झेंडूची टोपली शेजारी होती, पाण्याचा तांब्या होता, हळदीकुंकवाची वाटी होती. मी बघत उभी राहिले. ओळीत शेवटी एका माणसाचं ताट मावेल एवढी जागा मोकळी होती आणि मायनं ती जागा हळूच खुरप्यांनी भरून काढली.

"तुझा डब्बा न्हाई आणत बग यंदा," ती वर न बघता म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्याला कोरडा."

डब्बा म्हणजे माझा कॉम्प्युटर. आणि कोरडा म्हणजे काय, ते सांगायला मला गेल्या वर्षीच्या याच दिवसांत जावं लागेल. तिथं जायला मला आवडत नाही.

दीड वर्षापूर्वी माय न्हाणीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. अर्धा दिवस ती तशीच पडून होती, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. ते ऐकल्यावर मी पुण्यातली खोली सोडली. ऑफिसला म्हटलं, घरून काम करते. ऑफिस म्हणालं, बघू, दोन महिने करून दाखवा. माझं काम असं आहे की, एका कंपनीच्या ग्राहकांच्या लेखी तक्रारी येतात आणि मी त्यांना लेखी उत्तरं देते. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा तरी लिहिते. ज्यांचं तोंड कधी बघितलं नाही, ज्यांचं मी काही बिघडवलेलं नाही, त्यांची मी रोज माफी मागते आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

डब्बा मला नांदेडच्या सादिकभाईंनी जमवून दिला होता. मी नांदेडला कॉलेजला होते तेव्हापासूनची ओळख. एका बोळात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या सुट्या भागांतून त्यांनी हे यंत्र उभं केलं आणि त्यात यंत्र चालवणारी लिनक्स ही सिस्टीम टाकून दिली. ती कुणाच्या मालकीची नसते, कुणीही घ्यावी आणि वापरावी. "फुकटची चीज हाय ताई, पण फुसकी न्हाई," ते म्हणाले होते. फक्त आतलं नेटवर्क कार्ड जरा अडेल होतं. वायरमधून येणारं इंटरनेट ज्याच्यातून आत शिरतं ती ही पट्टी. तिच्यात आणि सिस्टीममध्ये बोलणी करून देणारा छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो सादिकभाईंनी वेगळा बसवून दिला होता. मी मान हलवली आणि विसरून गेले.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मायनं हट्ट धरला. "ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करावी लागती. तुझ्या बाच्या विळ्याची होती, मग ह्याचीच कामून न्हाई?"

मला हसू आलं, पण बरंही वाटलं. आमच्याकडं पूजेआधी हत्यार स्वच्छ करायची रीत आहे. दत्ता त्या दिवशी पहाटेच ट्रॅक्टर ओढ्यावर नेऊन धुतो, चाकांतला चिखल काडीनं कोरून काढतो. मी म्हटलं, आपणही यंत्राला न्हाऊमाखू घालू. कित्येक आठवडे पडद्यावर सूचना येत होती की नवे बदल तयार आहेत, बसवून घ्या. सकाळी बसून मी ते सगळे बसवले. तासभर अक्षरं सरसरत वर गेली. मग यंत्र बंद केलं, वायरी काढल्या, पुसलं आणि उचलून ओट्यावर वडलांच्या कुदळीशेजारी ठेवलं. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. मला सुट्टीच होती.

मायनं हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला, तांब्यात फूल बुडवून सगळ्या ओळीवरून पाणी शिंपडलं. दसऱ्याला संध्याकाळी आम्ही दोघी सीमोल्लंघनाला वेशीपर्यंत जाऊन आलो, आपट्याची पानं वाटली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मी यंत्र जागेवर नेऊन जोडलं आणि सुरू केलं.

पडदा उजळला. सगळं होतं तसं होतं, फक्त कोपऱ्यातली नेटची खूण नव्हती. सिस्टीमला विचारलं तर ती म्हणाली, असं कुठलं कार्ड माझ्याकडं नाही. परवापर्यंत होतं त्याचं नावसुद्धा तिला आठवत नव्हतं. मी मागं वाकून बघितलं. पाठीमागच्या पत्र्यावर, जिथं वायर घुसते त्याच्या बोटभर वर, कुंकवाचा एक ओघळ वाळलेला होता.

मी ओरडले. किती ओरडले ते आता लिहिताना कान गरम होतात. "कोण सांगितलं होतं तुला पाणी शिंपडायला? तुझ्या पाण्यानं कार्ड गेलं! आता मला पुण्याला जावं लागंल, कळतंय का?"

माय दारात उभी होती. "म्या थोडंच शिंपडलं हुतं," ती म्हणाली. "फुलानं." आणि फुलानं म्हणजे किती ते दाखवायला तिनं चिमटीत नसलेलं फूल धरून दाखवलं. मनगट मोडल्यापासून तिचा तो हात जरा वाकडाच वळतो.

ऑफिसला फोन केला. साहेबांनी शांतपणे सांगितलं, सोमवारी काम सुरू झालं नाही तर पुण्याला येऊन बसा, ही घरची व्यवस्था आपण थांबवू. म्हणजे माझ्याकडं तीन दिवस होते. तीन दिवसांत नेट आलं नाही तर मी पुण्यात आणि माय पुन्हा इथं एकटी, न्हाणीतल्या त्याच फरशीवर.

आमच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही. ती येते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, आणि तिथंही एका ठरावीक बाजूला तोंड करून उभं राहिलं तर. गच्चीला अकरा पायऱ्या आहेत. मी वर जायचे, ऑक्टोबरच्या उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन जगभरातल्या अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेले उपाय वाचायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. खाली येऊन काळ्या पडद्यावर अक्षर न् अक्षर टाइप करायचे. पडदा म्हणायचा, नाही. पुन्हा वर. कुणी म्हणे ड्रायव्हर नव्यानं बसवा. तो फोनमध्ये उतरवून घेतला, खाली आणला, यंत्रात घातला. तो म्हणाला, मला बांधायला अमुक फाइली लागतील. पुन्हा वर, त्या आणल्या. त्या म्हणाल्या, आमच्याआधी तमुक हव्यात. आणि त्या तमुक फाइली यंत्राला स्वतः नेटवर जाऊनच घ्यायच्या होत्या. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्यानं काढली त्याच्या घरीही असंच काहीतरी बिघडलेलं असणार.

त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की मी किती कोंडली गेले आहे. खोलीला एक खिडकी आहे आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते. खाली मळणीयंत्र थांबत नव्हतं, भुसा फटीफटीतून आत येत होता. नेट होतं तोवर वाटायचं की मी इथं आहेही आणि नाहीही. आता नुसतीच इथं होते. आणि एक खोटं बोलणार नाही. अकराव्या पायरीवर दम खाताना एकदा मनात आलं होतं की नाहीच झालं दुरुस्त तर काय होईल? जावं लागेल. माझ्या मर्जीनं नाही, नाइलाजानं. कुणी मला नावं ठेवणार नाही, कारण पाणी मायनं शिंपडलंय. हा विचार आला आणि मी घाईघाईनं पायऱ्या उतरले.

खाली येऊन पुन्हा काळ्या पडद्यासमोर बसले. दर वेळी नकार आला की नजर त्या कुंकवाच्या ओघळावर जायची आणि माझी खात्री आणखी पक्की व्हायची.

माय त्या दिवसांत माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायची आणि भांड्याचा आवाज करायची, म्हणजे मला कळावं. रविवारी सकाळी मात्र ती तिथंच बसली.

"माय," ती म्हणाली. आमच्याकडं आई लेकीला मायेनं मायच म्हणते. "म्या येते पुण्याला तुझ्यासंगं."

मी वळून बघितलं. हिला मी दोनदा पुण्याला नेलं होतं आणि दोन्ही वेळा चार दिवसांत ही पिशवी भरून दारात बसली होती. या घरातून मी मेल्यावरच निघीन, हे तिचं नेहमीचं वाक्य.

"दत्ताला सांगितलंय. शेताचं त्यो बगंल. तुळशीला पाणी शेजारची घालती म्हनली." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माज्याच हातानं तुजं बिघाडलं. आता तुला तितं एकटीला कशी धाडू?"

मी उठले, अकरा पायऱ्या चढले आणि सादिकभाईंना फोन लावला. आधी का लावला नाही, हे कुणीही विचारेल. पुण्यात राहिलेल्या माणसाला वाटतं आपल्याला सगळं येतं, एवढंच उत्तर आहे. त्या वेळीही मी विचारायला नव्हे, नवं कार्ड मागवायलाच फोन केला होता.

"पानी किती सांडलं ताई? बादलीभर?" त्यांनी विचारलं.

"नाही. फुलानं शिंपडलं."

"फुलानं?" ते हसले. "ताई, माझ्या दुकानात छत गळतं. फुलानं कार्ड मरत असतं तर माझं दुकान कब्रस्तान झालं असतं. मागं वायर घुसते तिथं लाइट लुकलुक करायली का बगा."

मी खाली आले, बघितलं. हिरवा दिवा मिचमिचत होता. तीन दिवस मी त्याच्या बोटभर वरचा ओघळ बघत होते आणि दिवा मला दिसला नव्हता. पुन्हा वर गेले.

"लागतोय."

"मग कार्ड जिंदा हाय. आता सांगा, आपडेट मारला होता का?"

टाकीपलीकडं उन्हात शेजाऱ्यांचं सोयाबीन वाळत घातलं होतं. मी त्या दाण्यांकडं बघत राहिले.

"ताई? आवाज येतोय का?"

"येतोय," मी म्हटलं. "मारला होता. खंडेनवमीला सकाळी."

"बस, तेच," ते म्हणाले आणि मग त्यांनी ते समजावून सांगितलं. मी त्या सकाळी जे बसवलं त्यात सिस्टीमचा गाभाच नवा आला होता. गाभा नवा आला की तो पुढच्या वेळी यंत्र सुरू करताना कामाला लागतो. मी तेव्हा यंत्र बंद करून पूजेला लावलं, म्हणून दोन दिवस काही कळलं नाही. त्यांनी बसवलेला ड्रायव्हर जुन्या गाभ्याशी बोलायला शिकलेला होता, नव्याला त्याची ओळखच नव्हती. "पन फिकर नका करू. ही सिस्टीम जुनं फेकून देत न्हाई. मागं ठेवून देते. चालू करताना यादी येती, त्यात खाली जाऊन जुना निवडा."

खाली येऊन मी तो निवडला. पडदा उजळला, कोपऱ्यात खूण उमटली, साचलेल्या तक्रारी धाडधाड येऊन पडल्या. चार मिनिटांचं काम होतं. पुढं नेट असल्यावर नव्या गाभ्यासाठीही ड्रायव्हर बांधून घेतला, त्याला आणखी वीस मिनिटं लागली.

खुर्चीत बसून मी त्या खुणेकडं बघत होते. आनंद व्हायला हवा होता. पण नेट आलं याचा अर्थ सरळ होता. पाण्यानं काही झालं नव्हतं. यंत्राला मी न्हाऊ घातलं होतं आणि मीच त्याचं बोलणं बंद केलं होतं.

माय दाराशी आली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "चालू झालं?"

"झालं."

तिचा चेहरा उजळला. मला जावं लागणार नव्हतं, तिलाही यावं लागणार नव्हतं. तिनं यंत्राकडं बघितलं आणि स्वतःच कारण शोधून काढलं.

"माजं पानी वाळलं आसंल," ती म्हणाली.

आणि मी म्हटलं, "हं."

एवढंच. एक अक्षर. त्या क्षणी ते सोपं होतं. तिला गाभा आणि ड्रायव्हर कोण समजावत बसणार, असं मी मनाला सांगितलं. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग दिवाळीत सांगू म्हटलं. दिवस जातील तसं ते जड होत गेलं, कारण आता नुसती चूक सांगायची नव्हती, इतके दिवस का सांगितलं नाही तेही सांगायचं होतं. आमच्या घरात आईची माफी मागायची पद्धत नाही. फार झालं तर चहा करून द्यायची पद्धत आहे. तो मी वर्षभर करून दिला. दिवसभर अनोळखी लोकांना "मनापासून दिलगीर आहोत" लिहायचं आणि उठून मायला चहा नेऊन द्यायचा. काम घरूनच करण्याचं पक्कं झालं, खिडकीतली भिंत तशीच राहिली, आणि मी त्या एका "हं"च्या आत बसून राहिले.

यंदा मायनं ती मोकळी जागा खुरप्यांनी भरून काढली तेव्हा मला ते सोसलं नाही. मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले, एक विळा घेतला, फडकं घेतलं आणि विळ्याकडं बघतच बोलले.

"माय, गेल्या साली ते तुझ्या पाण्यानं न्हवतं झालं."

ती पुसत राहिली.

"म्या त्या दिवशी सकाळी त्याच्यात नवीन काहीतरी बसवलं हुतं. त्यानं बिघडलं. मला रविवारीच कळलं हुतं. तू म्हनलीस पाणी वाळलं आसंल, आन् मी हं म्हनले."

तिचं फडकं थांबलं. खाली मळणीयंत्र चाललं होतं. ती आपल्या वाकड्या मनगटाकडं बघत होती.

"वर्षभर?" तिनं विचारलं.

"हाव."

"म्या वर्षभर तुझी खोली पुसली न्हाई," ती म्हणाली. "वलं फडकं न्हेलंच न्हाई आत. नुसता झाडू मारला. म्हनलं, पुन्हा वल जायची त्याच्यात, आन् तुला जावं लागायचं."

मी या खोलीत वर्षभर बसते आहे. वर्षभर माझ्या टाचा पांढऱ्या होतात, कागदांवर धूळ बसते. दोनदा तर मीच तिला म्हटलं होतं, किती धूळ झालीय गं इथं. तेव्हा ती मुकाट्यानं झाडू घेऊन आली होती. मला वाटलं होतं, सोयाबीनचा भुसा असेल. जानेवारीत कुठलं आलं सोयाबीन?

माय उठली आणि आत गेली. मी तिथंच बसून उरलेली हत्यारं पुसली. रागावली असेल तर तिचा हक्क आहे, असं स्वतःला सांगत होते, पण मन थाऱ्यावर नव्हतं. अर्धा तास गेला. शेवटी मीच उठून खोलीत गेले. डब्बा बाहेर आणून त्या ओळीत ठेवावा म्हणून वायरी काढायला खुर्चीत बसले.

मागं बादली टेकल्याचा आवाज झाला. माय उंबरा ओलांडून आत आली होती. पदर खोचलेला, हातात गोणपाटाचं फडकं. ते तिनं बादलीत बुचकळलं, वाकड्या मनगटानं अर्धवट पिळलं आणि थबथबत्या पाण्यासकट फरशीवर टाकलं. धुळीचा पहिला पट्टा काळ्या गाळासारखा सरकला.

"आण, मी पुसते," मी उठायला लागले.

"गप बस," माय म्हणाली. "पाय वर घे."